एकच ग्राहक, एकच दुकान

(मेहकर येथील आपल्या विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण. बोलताना राहून गेलेल्या सनावळ्या व आकडे लिहून काढताना घातले आहेत.)



 समितीनं मला विषय दिला ‘मोठ्या कंपन्या, बाजार आणि कामगार’. माझ्या आधी बोलून गेलेले सर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतात. मी दहावी नापास माणूस. पण ज्या बाजारावर बोलायचं, त्या बाजारात मी पस्तीसएक वर्षं स्वतःचे दोन हात विकत आलो आहे. विकणाऱ्याला बाजार जसा दिसतो तसा मी सांगणार. चुकलं तर सरांनी मला खाली बसल्यावर सांगावं.

सन १९८९ मध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, मी एका सूतगिरणीत लागलो. गिरणीचं नाव घेत नाही. ती आता नाही, आणि ज्यांची होती तेही नाहीत. मी डॉफर होतो. रिंगफ्रेमवरच्या भरलेल्या बॉबिन काढायच्या, रिकाम्या लावायच्या, पुन्हा पुढची फ्रेम. कागदावर मी बदली कामगार. म्हणजे पहाटे फाटकावर जाऊन उभं राहायचं, कायम माणूस आला नाही तर मुकादम बोट दाखवणार, तो आत. बोट दाखवलं नाही तर डबा तसाच घेऊन घरी. आईला वाटायचं, पोरानं डबा खाल्ला नाही म्हणजे पोराला बरं नाही.

पाच वर्षं असं केल्यावर आम्ही बाराजणांनी अर्ज दिला की आम्हाला कायम करा. अर्ज सभ्य भाषेत होता, मीच लिहिला होता. आठव्या दिवशी बाराही जणांना फाटक बंद. ठीक आहे म्हटलं, गिरणी त्यांची. मी एका जिनिंगमध्ये गेलो. बाहेर पाटी होती, ‘कामगार पाहिजेत’. मॅनेजरनं विचारलं, आधी कुठं होतास? मी खरं सांगितलं. त्यानं माझ्यासमोर फोन लावला, दोन मिनिटं ‘हो, हो’ केलं, फोन ठेवला आणि म्हणाला, जागा भरली. मी बाहेर आलो तर पाटी तशीच लटकलेली. पुढच्या जिनिंगमध्ये तेच. तिसऱ्या ठिकाणी तर मी नाव सांगितल्याबरोबर त्यांना माहीत होतं.

आता यात गंमत काय आहे पहा. हेच मालक बाजारात एकमेकांवर पाच-पाच रुपये चढवत होते. लोकांना वाटायचं, केवढी ही स्पर्धा! पण माणूस ठेवायचा म्हटलं की सगळ्यांचं एकमत. मी घरी येऊन वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, ‘बाप्पा, त्यायचं गोत एक असते.’ वडील अंगठाबहाद्दर होते.

त्या रिकाम्या वर्षात एका निवृत्त गुरुजींनी मला वाचायला लावलं. त्यांच्याकडून कळलं की माझ्या वडिलांनी जे सांगितलं ते ॲडम स्मिथ नावाच्या स्कॉटिश पंडितानं सन १७७६ मध्ये लिहून ठेवलं आहे. हा माणूस खुल्या बाजाराचा बाप समजला जातो, बरं का. त्यानंच लिहिलं की मजुरी वाढू नये म्हणून मालक लोक आपसात नेहमीच न बोलता जमून असतात, आणि कामगार जमले की मात्र ओरड होते, कारण त्या काळचा कायदा कामगारांच्या एकजुटीला गुन्हा म्हणत होता, मालकांच्या नाही. खुल्या बाजाराचं गुणगान करणारे स्मिथचं नाव घेतात तेव्हा हे पान सोडून देतात.

मालकांच्या एकजुटीचं उदाहरण शोधायला विलायतेला जायला नको. मुंबईच्या गिरणीमालकांनी त्यांचा संघ १८७५ साली काढला. कामगारांच्या धड संघटना उभ्या राहायला त्यानंतर पुष्कळ वर्षं गेली. आणि त्या गिरण्यांत आपल्या माणसांना काय होतं? विणकाम खातं बंद. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, मग विटाळ होतो. विणकाम खात्यात पगार जास्त. म्हणजे एका बाजूनं मालक एक, आणि दुसऱ्या बाजूनं सोबतचा सवर्ण कामगारही आपल्याला दार लावून घेणारा. बाबासाहेबांनी फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले, ते या अनुभवातून. एकच शत्रू सांगणाऱ्या पुढाऱ्यांनी त्या वेळी त्यांच्यावर टीका केली. पण त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला, संपावर बंधनं घालणारं औद्योगिक कलह विधेयक मुंबई सरकारनं आणलं तेव्हा, बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र येऊन एक दिवसाचा संप झाला. त्यांचं म्हणणं सोपं होतं. मालकाला गिरणी बंद ठेवायची मोकळीक आहे, मग कामगाराला हात बंद ठेवायची मोकळीक का नको?

१९८२ च्या संपाबद्दल मी लांबण लावत नाही. १८ जानेवारीला सुरू झाला, डॉ. दत्ता सामंत पुढारी, अडीच लाखांच्या आसपास कामगार. त्याची एक गाठ मात्र आजच्या विषयाची आहे. १९४६ च्या कायद्यानं एका उद्योगात एकाच युनियनला मान्यता, आणि बोलणी तिच्याशीच. कामगारांना ती युनियन नको होती. म्हणजे तिथं मालकांची संघटना एक होती हे तर होतंच, कामगाराच्या वतीनं बोलायचा परवानाही एकालाच होता. एकाच दुकानाचा रोग कामगारांच्या बाजूलाही होतो, हे मी युनियनचा माणूस असून सांगतो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. बाजार म्हटलं की आपल्याला विकणारा दिसतो. एकच विकणारा असला तर तो भाव वाढवील, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण एकच घेणारा असला तर काय होतं? घेणारा भाव पाडतो. मजूर काय विकतो? दिवस विकतो. दिवस साठवून ठेवता येत नाही. कापूस घरात ठेवून दोन महिने वाट पाहता येते, आजचा दिवस उद्या विकता येत नाही. म्हणून घेणारा एकच असला तर सगळ्यात जास्त मार मजुराला. सन १९३३ मध्ये जोन रॉबिन्सन नावाच्या इंग्रज बाईंनी यावर पुस्तक लिहून एकट्या ग्राहकाच्या या जोराला शास्त्राचं नाव दिलं. मी साधं ‘एकग्राहकी’ म्हणतो.

मालक म्हणतात, मजुरी वाढवली तर आम्हाला माणसं कमी करावी लागतील. हे ऐकून आपली पोरंही मान डोलावतात. जरा हिशेब करू. समजा, गावात एकच कारखाना आहे. पन्नास माणसं तीनशे रुपये रोजावर आहेत. मालकाला आणखी दहा हवीत, पण तीनशेवर कोणी येत नाही, तीनशे तीस मागतात. नव्यांना तीनशे तीस दिले तर जुने पन्नास गप्प बसतील का? त्यांनाही द्यावे लागतील. म्हणजे नव्या दहांचे ३३००, आणि जुन्या पन्नासांच्या वाढीचे १५००, एकूण ४८००. एक नवा माणूस मालकाला चारशे ऐंशी रुपयांना पडला, हातात मात्र त्याच्या तीनशे तीस. मालक काय करील? दहा माणसं घेणारच नाही. चार मशिनी बंद ठेवील आणि सांगील, कामगार मिळत नाहीत हो! म्हणजे एकग्राहकीत मजुरीही कमी आणि कामही कमी. आता सरकारनं कायदा केला की कोणालाही तीनशे तीसच्या खाली देता येणार नाही. मग जुन्यांना तीनशे तीस द्यावेच लागले. नवा माणूस घ्या किंवा घेऊ नका, तो तीनशे तीसलाच पडणार. मग चार मशिनी बंद ठेवून फायदा काय? तो माणसं घेईल. मजुरी वाढून काम वाढलं.

हे माझ्या मनचे मांडे नाहीत. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यानं १९९२ मध्ये किमान मजुरी सव्वाचार डॉलरवरून पाच डॉलर पाच सेंट केली. कार्ड आणि क्रूगर या दोन अभ्यासकांनी तिथली खानावळीची दुकानं आणि शेजारच्या पेनसिल्व्हानियातली दुकानं ताडून पाहिली आणि १९९४ मध्ये छापलं की कामं घटल्याचं दिसत नाही. त्यावर तिथं पुष्कळ भांडणं झाली, पण २०२१ मध्ये कार्ड यांना नोबेल मिळालं. आणि आपल्याकडे? बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर मंत्री असताना किमान वेतनाचं विधेयक १९४६ मध्ये मांडलं गेलं, १९४८ मध्ये त्याचा कायदा झाला. आपण त्यांचा फोटो लावतो, पण जिनिंगच्या फाटकावर किमान वेतनाचा तक्ता लावला आहे का, हे कोणी वाचत नाही. मी वाचतो. बहुतेक ठिकाणी तो असा उंच लावलेला असतो की मान मोडावी.

आता माय-बहिणींचं सांगतो, कारण हे सगळं त्यांनी पुस्तकाशिवाय करून दाखवलं आहे. माझी आई पऱ्हाटीत कापूस वेचायची. वेचणीचा दर किलोवर. गावात दहा-बारा मोठे कास्तकार, पण दर एकच, कारण दर मारुतीच्या पारावर ठरायचा आणि सगळ्या बायांना तोच कळवला जायचा. दिवाळीआधी जो ठरला तो संक्रांतीपर्यंत. कोणी हटकलं की उत्तर तयार, ‘जाय मंग दुसरीकडे.’ दुसरीकडे म्हणजे कुठं? पैनगंगेला पाणी, पलीकडे जायला गाडी नाही. काही वर्षांनी टेम्पो, काळीपिवळी आली. पलीकडच्या गावचा कास्तकार सकाळी गाडी पाठवू लागला, भाडं त्याचं, दर दीड रुपया जास्त. पहिल्या दिवशी सात बाया गेल्या. चौथ्या दिवशी आमच्या गावच्या पारावर नवा दर ठरला. मोर्चा नाही, निवेदन नाही, घोषणा नाही. दुसरं दार उघडलं एवढंच. त्या सातपैकी एक माझी आई. ती म्हणायची, आमी काई भांडलो नाई, आमी फक्त गाडीत बसलो.

म्हणून बाबासाहेब गाव सोडा म्हणाले तेव्हा मला ते अर्थशास्त्रही वाटतं. महार वतनाविरुद्ध त्यांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात विधेयक आणलं. वतन म्हणजे काय? राबणाऱ्याला एकच धनी, सारं गाव मिळून एक धनी. बलुतं तो ठरवील तेवढं, दुसरीकडे जायची सोय नाही. आणि आपल्याच महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीचं काम निघालं, पुढं त्याचा कायदा झाला, आणि २००५ मध्ये देशानं तसा कायदा केला. लोक म्हणतात, हमीच्या कामावर नुसते खड्डे खोदले. अहो, खड्डे खोदले असतील! पण पारावरच्या लोकांना कळलं की बाईला दुसरं दार आहे. खड्ड्याचा खरा उपयोग खड्ड्याबाहेर झाला.

आपला वऱ्हाड या गोष्टीत जुना जाणकार आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस अडला आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडावर पडली. १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा काढला तो कापसासाठी. उद्घाटनाला व्हाईसरॉय लॉर्ड मेयो आला होता. माणसांना बसायला आगगाडी म्हणून नाही, गठाणी न्यायला. मेहकरला मात्र आजतागायत रेल्वे नाही, ते दुःख वेगळं. मग रॅलीसारख्या विलायती पेढ्या वऱ्हाडाच्या कापसात उतरल्या, गावोगावी जिन-प्रेस झाल्या. अडत्या, दलाल, मापारी यांच्या कात्रीत शेतकरी इतका सापडला की कारंज्याला १८८६ मध्ये नियमांचा बाजार बांधावा लागला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. देशातला असा पहिला कायदा आपल्या वऱ्हाडातला. बाजार समित्यांचं मूळ तिथं आहे. आज समितीत काय चालतं ते तुम्ही पाहताच, पण कायदा का करावा लागला ते विसरू नका.

जिनवाल्यांचा आणखी एक उद्योग होता, त्याला ‘पूल’ म्हणत. एका गावात समजा आठ जिन आहेत. सगळ्यांनी मिळून रेचणीचा दर ठरवायचा. मग आठही चालवायच्या कशाला? चार चालवायच्या, चारांना कुलूप. आणि कुलूप लावलेल्या जिनच्या मालकालाही नफ्याचा वाटा घरपोच. मालकाला बंद कारखान्याचा पगार! कामगाराला मात्र बंद कारखान्याचा काही नाही, आणि शेतकऱ्याला रेचणी महाग. ही लपवालपवीची गोष्ट नव्हती, त्या काळच्या सरकारी अहवालांत ती नोंदलेली आहे. मी हे वाचलं तेव्हा मला तो फोन आठवला.

आता बियाण्याकडे येतो. शेजारच्या जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको काढली. आपल्या मराठी मुलखातल्या शहरात बियाण्याचा एवढा उद्योग उभा राहिला याचा अभिमानच आहे. १९९८ मध्ये अमेरिकेची मोन्सँटो त्यांच्यात भागीदार झाली आणि दोघांची मिळून महिको मोन्सँटो बायोटेक ही वेगळी कंपनी झाली. २६ मार्च २००२ रोजी बीटी कापसाला सरकारची परवानगी मिळाली. बोंडअळी खाणार नाही असा कापूस. खोटं कशाला बोला, सुरुवातीची वर्षं अळी खरंच कमी झाली, फवारे वाचले. देशाचं रुईचं हेक्टरी उत्पादन तीनशे किलोच्या आसपास होतं ते पाच-सहा वर्षांत पाचशेच्या पुढं गेलं. त्यात पाऊस, गुजरातचं पाणी, नवे संकर यांचाही वाटा होता, पण बीटीचा वाटा नाही असं म्हणणं बरोबर नाही.

पण भाव पहा. साडेचारशे ग्रॅमचं पाकीट सोळाशे रुपयांच्या घरात. त्यात साडेबाराशेच्या आसपास नुसती जनुकाची फी, म्हणजे बियाणं रुपयातलं चार आणे आणि बारा आणे परवानगीचे. तुम्ही म्हणाल, दुसऱ्या कंपनीचं घ्यायचं. दुकानात कंपन्या भरपूर होत्या! रंगीत पाकिटं, कुणावर वाघ, कुणावर पैलवान. पण बहुतेक सगळ्यांनी जनुक एकाच घरून घेतलेला. पाकिटं चाळीस आणि आत मालक एक. शेतकऱ्याला वाटायचं आपण निवड करतो आहोत. तो नुसतं चित्र निवडत होता.

२००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकार एकाधिकार आयोगाकडे गेलं. आयोगानं मे महिन्यात फी कमी करायला सांगितलं आणि पाकीट साडेसातशेवर आलं. माझा साधा प्रश्न असा की, साडेसातशेला विकूनही कंपनी उठून गेली नाही, धंदा करतच राहिली. मग आधीचे वरचे आठ-साडेआठशे रुपये कशाचे होते? ते बियाण्याचे नव्हते, संशोधनाचे म्हणावे तर तेही सगळे नव्हते. ‘जाय मंग दुसरीकडे’ या वाक्याचे ते पैसे होते. मारुतीच्या पारावरचंच वाक्य, फक्त कोट-टाय घातलेलं.

पुढं डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारनं कापूस बियाण्याच्या किमतीचा आदेश काढला. २०१६ मध्ये बोलगार्ड-दोनचं पाकीट ८०० रुपये आणि त्यात फी ४९. २०१८ ला फी ३९, २०१९ ला २० आणि २०२० ला शून्य. म्हणजे शेवटी फुकट झाली. पण केव्हा फुकट झाली? गुलाबी बोंडअळीनं ते औषध पचवल्यावर! गुजरातेत पहिल्या बीटीला ती अळी जुमानत नाही हे कंपनीनं २०१० मध्येच मान्य केलं होतं. २०१७ मध्ये आपल्याकडे बोंडं फोडली की आत अळी. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-शेतमजूर गेले. पाठीवर पंप घेणारा बहुतेक मजूर असतो, हे ध्यानात असू द्या.

आणि आपलं सरकारी बियाणं कुठं गेलं? अकोल्याच्या विद्यापीठाचं पीकेव्ही हायब्रीड-दोन आमच्या भागात घरोघरी होतं. नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेनं बिकानेरी नरमा हा बीटीचा सरळ वाण २००९ मध्ये आणला, घरचं बी पुन्हा पेरता येईल असा. त्यात मोन्सँटोच्याच जनुकाची भेसळ निघाली आणि वर्षभरात विक्री थांबली. दुसरं दार उघडता उघडता बिजागरीतून निखळलं. तिकडे मोठ्या कंपन्या मात्र एकमेकींत मिसळत गेल्या. डाऊ आणि ड्यूपाँट २०१७ मध्ये एक झाल्या, त्याच वर्षी सिंजेंटा चिनी सरकारी कंपनीनं घेतली, २०१८ मध्ये मोन्सँटोच बायरनं गिळली. बियाणं आणि फवारा, दोन्ही त्याच घरचं.

इथं आमचे काही मित्र म्हणतील, मग सगळं सरकारनंच घ्यावं. बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये मूलभूत उद्योग, विमा, शेती सरकारच्या मालकीची असावी असं मांडलं होतं. ज्याच्या पोटाला नाही त्याचे मूलभूत हक्क मालक चिठ्ठीवर लिहून घेतो, हा त्यांचा मुद्दा मला आजही पटतो. पण मी वऱ्हाडातला माणूस आहे आणि मी कापूस एकाधिकार योजना पाहिली आहे. १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस सरकारलाच घालायचा, दुसऱ्याला विकला तर गुन्हा. हेतू चांगला होता, व्यापाऱ्याच्या कात्रीतून सोडवायचा. काही वर्षं ती नवसासारखी पावली. नंतर काय झालं? केंद्रावर बैलगाड्यांच्या रांगा, चार-चार दिवस मुक्काम, ग्रेडर म्हणेल ती प्रत, चुकारे हप्त्या-हप्त्यानं. शेजारच्या राज्यात भाव जास्त असला की रात्री गाड्या सीमेवरून जायच्या आणि पोलीस शेतकऱ्याला स्वतःच्याच कापसाचा चोर म्हणून पकडायचे. शरद जोशींची शेतकरी संघटना त्याविरुद्ध उठली ती उगाच नाही. त्यांचं सगळं मला पटत नाही. मजुराचं नाव त्यांच्या भाषणात कमी यायचं. पण हे पटतं. घेणारा एकच असला की त्याच्या खुर्चीवर शेठ बसला काय आणि साहेब बसला काय, समोर उभा राहणारा टोपी काढूनच उभा राहतो. बाबासाहेबांनी सरकारी मालकीबरोबर ती घटनेतच बांधून टाका, असं का म्हटलं असेल, याचा विचार मी पुष्कळ करतो. मालक सरकार असलं तरी त्याच्यावर कायदा हवा, आणि माणसाला तक्रार घेऊन जायला दुसरी जागा हवी, असा मी त्याचा अर्थ लावतो. सरांनी दुरुस्त करावं.

तरुण मित्रांनो, तुम्ही मघापासून मोबाईल पाहता आहात, तर मोबाईलचंच सांगतो. सप्टेंबर २०१६ मध्ये फुकट सिम आलं, तेव्हा रांगा लागल्या. माझ्या घरातही तीन सिम होती. तेव्हा मोबाईलच्या कंपन्या डझनभर होत्या. एअरसेल २०१८ मध्ये दिवाळ्यात गेली, व्होडाफोन-आयडिया त्याच वर्षी एक झाल्या. खासगीत उरल्या तीन, आणि सरकारी बीएसएनएल. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी काही दिवसांच्या अंतरानं रिचार्ज वाढवलं. मी कोणी कट केला असं म्हणत नाही. तिघांना कट करायची गरजही पडत नाही, एकमेकांकडे पाहिलं तरी पुरतं. आणि बंद पडलेल्या कंपन्यांचे टॉवरवाले, सिम विकणारी पोरं गेली कुठं, हे कोणी विचारलं नाही. आपल्या वस्तीतली दोन होती. एक आता समृद्धी महामार्गावर हॉटेलात आहे.

कायदा नाही असं नाही. १९६९ चा एकाधिकारविरोधी कायदा होता, त्याच्या जागी २००२ चा स्पर्धा कायदा आला. त्याच्या आयोगाला इंग्रजीत सीसीआय म्हणतात. आपल्या शेतकऱ्याला सीसीआय म्हणजे कापूस खरेदी करणारं महामंडळ एवढंच माहीत, त्यामुळे आयोगाचं नाव काढलं की तो विचारतो, खरेदी कधी सुरू होणार? या आयोगानं २०१२ मध्ये अकरा सिमेंट कंपन्यांना संगनमत केलं म्हणून सहा हजार तीनशे कोटींच्या आसपास दंड ठोकला. मग अपील, फेरसुनावणी, पुन्हा अपील, वर्षानुवर्षं. घरकुलाचं सिमेंट महाग घेतलेल्या माणसाच्या हातात त्यातलं काही आलं नाही. बीटीच्या फीचीही चौकशी याच आयोगानं २०१६ मध्ये लावली. आणि मालकांच्या फोनचं? अमेरिकेत ॲपल, गूगल अशा बड्या कंपन्यांनी एकमेकांचे इंजिनियर फोडायचे नाहीत असं आपसात ठरवलं होतं. ते उघड झालं, खटला झाला आणि २०१५ मध्ये त्यांना साडेएकेचाळीस कोटी डॉलर भरावे लागले. मी ती बातमी दोनदा वाचली. मला बरं वाटलं, की एवढ्या शिकलेल्या इंजिनियरांनाही कोणीतरी ‘जागा भरली’ म्हणालं होतं. आमच्या बाराजणांना कोणी डॉलर दिले नाहीत. त्यातले चार सुरतला गेले, एक पुण्याला वॉचमन झाला, दोघे आज हयात नाहीत. मला सव्वा वर्षानं एका प्रेसवर काम मिळालं, तेही मालक परप्रांतातून नवा आलेला, त्याला कोणाला फोन करायचा ते माहीत नव्हतं म्हणून.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे. शेवटचं, कामाचं बोलतो. यंदा हंगामात आपल्या वस्तीतली साठ-सत्तर माणसं जिनिंगवर आणि वेचणीवर जातात. कोण कुठं जातो, काय रोज मिळतो, किती तास, हे एकमेकांना माहीत नाही, कारण आपण लाजेपोटी आपला रोज सांगत नाही. मालकाला मात्र सगळ्यांचा माहीत असतो. विहारातल्या मागच्या खोलीत मी एक जाड वही ठेवली आहे. दर रविवारी सकाळी वंदनेनंतर मी तिथं बसणार. गाव, कारखाना, काम, रोज, तास, एवढंच लिहायचं. सही लागत नाही, स्वतःचं नाव घातलं नाही तरी चालेल. वेचणीला जाणाऱ्या बायांनी किलोचा दर आणि गाडीभाडं कोणाचं तेही लिहावं. लिहिता येत नसेल त्यांचं आमच्या मुलींनी लिहायचं कबूल केलं आहे. आणि ज्यांच्या गावाहून गाडी येते त्यांनी गाडीवाल्याचा नंबर वहीच्या शेवटच्या पानावर टाकावा. मागच्या दोन रविवारांत एकोणीस नोंदी झाल्या आहेत. एकाच कामाला एकाच रस्त्यावर पंच्याऐंशी रुपयांचा फरक निघाला आहे. वही उघडी आहे, येऊन पहा.

जयभीम.